भाला आणि चाती

इंग्लंडांतील आल्फ्रेड राजाचें नांव निघालें कीं, गुराख्याच्या झोंपडींत त्यानें भाकरी करपूं दिल्याची गोष्ट बहुतेकांस आठवते. ती दंतकथा मागाहून रचलेली आहे. या राजाचें अंतरंग पाहावयाचें असेल त्यानें त्याचें मृत्युपत्र वाचावें. आमच्या वकिली नजरेस तरी तोच कागद अधिक बोलका वाटतो.

दक्षिणेकडील वेसेक्सच्या एथेल्वुल्फ राजाचा हा सर्वांत धाकटा पुत्र. थोरले बंधु एकामागून एक राज्य करून निवर्तले, आणि डेन लोकांच्या स्वाऱ्या ऐन भरांत असतां ८७१ सालीं राज्य याजकडे आलें. ८७८ च्या आरंभीं गुथ्रमच्या छाप्यामुळें त्यास दलदलींत आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षीं एडिंग्टन येथें त्यानें शत्रूचा पुरा मोड केला. हा पराक्रम सर्वविश्रुत आहे.

परंतु खरें कौतुक पुढेंच आहे. विद्या लॅटिन भाषेच्या कुलपांत होती, आणि किल्ली जाणणारे फारसे उरले नव्हते. राजानें उपयुक्त ग्रंथ देशभाषेंत आणविले, कायद्यांचा संग्रहही त्याच भाषेंत केला. परभाषेंत न्याय मागण्याची पाळी ज्यांजवर आली, त्यांस याची किंमत सांगावयास नको. न्याय करणाऱ्या अंमलदारांस तर त्यानें बजावलें कीं, विद्या शिका, नाहीं तर अधिकार सोडा. मग पिकल्या केसांचे सरदार अक्षरें गिरवूं लागले. ज्यांस तें साधेना त्यांनीं मुलाकडून अगर आप्ताकडून ग्रंथ वाचून घ्यावे असें ठरलें.

मृत्युपत्रांत मात्र हाच राजा निराळा दिसतो. आजानें आपली जमीन भाल्याकडच्या, म्हणजे पुरुषांच्या, वंशास दिली, चातीकडच्यास नव्हे, हें तो आवर्जून नमूद करितो. त्यांतील कांहीं आपण स्त्रियांस दिलें असेल व पुरुष वारसांस तें हवें असेल, तर त्यांनीं मोबदला देऊन घ्यावें, असेंही लिहितो. अट न्यायाची खरी; पण दोघां पुत्रांस पांचपांचशें पौंड, आणि राणी व तिघी कन्या यांस प्रत्येकीं शंभर!

आतां त्यांतील ज्येष्ठ कन्या एथेलफ्लेड हिच्याकडे पाहा. मध्य इंग्लंडांतील मर्सियाच्या अधिपतीशीं तिचा विवाह झाला होता. ९११ सालीं तो वारला. पण वैधव्य आलें म्हणून ती कोपऱ्यांत बसली नाहीं, राज्यसूत्रें तिनेंच चालविलीं. टॅमवर्थ, स्टॅफर्ड, वॉरिक येथें तिनें तटबंदीचीं ठाणीं उभारलीं. ९१७ सालीं डर्बी घेतांना तिचे चार जिवलग सरदार वेशीच्या आंत पडले. पुढील वर्षीं लेस्टर रक्तपातावांचून स्वाधीन झालें. यॉर्कच्या लोकांनीं अधीन होण्याचें वचन दिलें होतें, तोंच १२ जून ९१८ रोजीं टॅमवर्थ येथें तिला मृत्यु आला. वेसेक्सच्या बखरकारांनीं या कर्तबगारीस जवळजवळ जागाच दिली नाहीं. ती कळते ती मर्सियाकडील टिपणांवरून.

तिच्यामागें तिची एकुलती कन्या एल्फविन होती. कांहीं महिन्यांतच वेसेक्सचा राजा एडवर्ड, म्हणजे तिचा सख्खा मामा, यानें तिचा सारा अधिकार काढून घेऊन तिला वेसेक्सांत नेलें. त्यानंतर तिचा निश्चित ठावठिकाणा इतिहासांत आढळत नाहीं.