पीएफ, ईएसआय उपकार नव्हेत : कामगारांचे बाबासाहेब

14 एप्रिलला आपण गंगाखेडमध्ये घटनाकार बाबासाहेबांना वंदन करतो; मजूरमंत्री बाबासाहेब मात्र विस्मरणात जातात.

परळच्या चाळीत ते गिरणी कामगारांच्या शेजारी राहिले. 1928 साली मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. कामगार स्त्रीला बाळंतपणात विश्रांती आणि पैसा मिळालाच पाहिजे, तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलावा, ही त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी कायदा झाला. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्यांच्याच खात्यात आकाराला आली. 1948 मध्ये तिचा ईएसआय कायदा झाला. कारखान्यातले आठवड्याचे 54 तास 48 वर आले, तेही त्यांच्याच प्रयत्नांनी.

मालकाच्या मर्जीवरची सवलत बाबासाहेबांनी कायद्याचा हक्क बनवली. आज 20 किंवा अधिक कामगार असतील तिथे पीएफ बंधनकारक आहे. तरुणांनो, पगारातून कापलेली रक्कम खात्यात जमा होते का, हे तपासा. नसेल तर संघटितपणे जाब विचारा. हेच खरे अभिवादन. जयभीम!