बांधाच्या वादानं घर पोळलं, पण झाडातली साखरेची वाट यांनीच दाखवली

द्राक्ष बागायतदाराला गर्डलिंग नवीन नाही. मणी फुगावा म्हणून खोडाची साल गोल काढायची, आतल्या लाकडाला धक्का लागू द्यायचा नाही, एवढं आपल्याला माहीत असतं. पण साल काढल्यावर झाडात नेमकं काय होतं, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डॉक्टरांनी बघून ठेवलं होतं. त्यांचं नाव मार्चेल्लो माल्पिगी.

माल्पिगी यांचा जन्म १६२८ साली बोलोन्या शहराजवळच्या क्रेव्हालकोरे गावी झाला. घर शेतीवाडीचं, खाऊनपिऊन सुखी. पण १६४९ साली आई-वडील दोघंही गेले. थोरले असल्यानं शिक्षण बाजूला ठेवून त्यांना घरचा कारभार बघावा लागला. तरी १६५३ साली ते डॉक्टर झालेच.

शेजारच्या स्बारालिया घराण्याशी त्यांच्या घरच्यांचा जमिनीच्या हद्दीवरून जुना वाद होता. बांधाचं भांडण काय करतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. ते इतकं पेटलं की माल्पिगी यांच्या भावाच्या हातून त्या घरातल्या एकाचा खून झाला. पुढं त्याच घरातले एक जण विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि माल्पिगी यांच्या कामावर जाहीर टीका करत राहिले.

एवढ्या कटकटीतही सूक्ष्मदर्शकावरची त्यांची नजर हटली नाही. १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात त्यांना केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. मग ते झाडांकडं वळले. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १६७५ आणि १६७९ साली त्यांचा वनस्पतींच्या रचनेवरचा ग्रंथ दोन भागांत छापला.

त्यांनी झाडाच्या सालीचं गोल कडं काढून बघितलं. कड्याच्या वरची साल फुगली, खालची तशीच राहिली. पानं मात्र लगेच सुकली नाहीत. म्हणजे पाणी लाकडातून वर चढतं आणि पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं. अन्न पानातच तयार होतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं.

आता शास्त्र पानाच्या आत शिरलंय. साखर पानातून आपोआप बाहेर पडत नाही. पेशींना प्रथिनांची दारं असतात. 'स्वीट' नावाची दारं साखर पेशीबाहेर सोडतात, तर दुसरी वाहक प्रथिनं ती शिरेत भरतात. कुठलं दार कधी आणि किती बनवायचं, हे जनुकं चालू-बंद होऊन ठरतं. साखर पानातच तुंबली, तर अन्न बनवणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं. भातावरच्या कडा करप्याचा जिवाणू याच व्यवस्थेचा गैरफायदा घेतो. तो आपलं प्रथिन भाताच्या पेशीत सोडतो, भाताचंच 'स्वीट' जनुक चालू करतो आणि बाहेर आलेल्या साखरेवर पोसतो. चोर बाहेरचा, पण दार घरातलंच उघडतो.

१६८४ साली माल्पिगी यांच्या घराला आग लागली. सूक्ष्मदर्शक आणि कागदपत्रं जळाली. काही वर्षांनी त्यांच्या गावाकडच्या घरावर तोंडं झाकलेल्या लोकांनी हल्ला केला. १६९१ साली पोपचे वैद्य म्हणून ते रोमला गेले आणि १६९४ च्या नोव्हेंबरात तिथंच वारले.

गर्डलिंगची सुरी हातात घेताना त्यांचं एक निरीक्षण ध्यानात ठेवावं. साल काढली की वरची साखर घडाला मिळते, पण जखम भरेपर्यंत मुळं उपाशी राहतात. म्हणून अशक्त वेलीला सुरी लावू नये. आणि बांधाचं म्हणाल, तर ज्या हद्दीसाठी खून पडला ती आज कुणाला आठवत नाही. सालीचं कडं मात्र अजून जगभर शिकवलं जातं.