‘इमरोज’चा संपादक

१९४८ साली रमजान ईद ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २१ ऑगस्टच्या रात्री, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान हैदराबादच्या काचीगुडा भागातून घरी निघाले होते. वय अवघे सत्तावीस. मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हात तोडले. सोबतचे मेहुणे इस्माईल खान वाचले, पण त्यांनी हात गमावला. मारेकरी रझाकार होते.

शोएबुल्ला यांचा जन्म ऑक्टोबर १९२० मध्ये तेलंगणात झाला. वडील रेल्वे पोलिसात. उस्मानिया विद्यापीठाची बी.ए. पदवी हाती असताना सरकारी नोकरी न धरता हा तरुण वर्तमानपत्रात शिरला. आधी ‘तेज’, मग मंदुमुला नरसिंगराव यांचे ‘रय्यत’. तेही बंद पाडले गेले, तेव्हा नोव्हेंबर १९४७ मध्ये बुर्गुला रामकृष्णराव यांच्या मदतीने त्यांनी ‘इमरोज’ काढले.

रय्यत म्हणजे आपली रयत, इमरोज म्हणजे आज. त्या काळी हैदराबादेत निम्मी लढाई शब्दांचीच होती. इंग्रज निघाले तसा निजामाने आझादीचा दावा केला. आझादी गादीची, सोळा जिल्ह्यांतली रयत मात्र रयतच राहायची. ‘रझाकार’ हा शब्दही मुळात किती चांगला! अर्थ स्वयंसेवक, राजीखुशीने राबणारा. त्यांचा नेता कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. या शब्दाला काळिमा लागला त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचा हात होता.

हैदराबादने भारतात विलीन व्हावे आणि रझाकारांना आवर घालावा, अशी शोएबुल्ला यांची भूमिका होती. ऑगस्टमध्ये सात मुस्लिम मान्यवरांनी हेच सांगणारे निवेदन काढले आणि ‘इमरोज’ने ते छापले. त्यावर रझवीने जाहीर सभेत असे हात तोडण्याची धमकी दिली. पुढे दोन-तीन दिवसांतच खून झाला.

महिन्याच्या आत, १७ सप्टेंबरला, निजामाने हार मानली. या भागात त्याआधी रझाकारांनी गावे लुटली होती, माणसे जीव मुठीत धरून सोलापूर-बार्शीकडे गेली होती. त्याचा सूड नंतर निरपराध मुसलमानांवर उगवला गेला; पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव लिहिले आहे. दोन्ही आठवणी इथल्या घराघरांत आहेत, आणि आपापल्या घरातलीच सांगायची सवयही. शोएबुल्ला यांचे नाव दोन्हींकडे क्वचितच निघते.

रझवीला शिक्षा झाली. १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. शोएबुल्ला यांची कबर हैदराबादेत आहे.