भगव्या कफनीतला हेडमास्तर

स्वामी रामानंद तीर्थ म्हटलं की सत्याग्रह, तुरुंग आणि १७ सप्टेंबर १९४८ आठवतो. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ मध्ये त्यांचं नाव मिळालं, तेही मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणूनच. मला मात्र त्यांच्यातला हेडमास्तर जास्त जवळचा वाटतो.

मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. असहकाराच्या लाटेत राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली, काही काळ कामगारनेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं आणि मग उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले. संन्यास घेतला तरी खडू सुटला नाही. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले, तेही शाळेसाठीच.

त्या काळी इकडच्या पोराची भाषेपायी कोण ओढाताण! घरी मराठी, सरकारी हायस्कुलात शिकवणं उर्दूतून आणि तिसरी इंग्रजी, तीही उर्दूच्या खांद्यावर बसून आलेली. १९१८ ची उस्मानिया उर्दू माध्यमाची, पण इंग्रजी सक्तीची. देशी भाषेतून विद्यापीठ चालवणं हा प्रयोग मोठाच होता, हे मोकळेपणानं मान्य करावं. पण मराठी, तेलुगू, कानडी पोरांची ती भाषा नव्हती. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा अनेकांनी नागपूर गाठलं. उर्दूतून शिकलेली ही मुलं तिथे इंग्रजी व्याख्यानं ऐकू लागली. पुढे स्वामीजींना गुरू मानणारे नरसिंह राव त्यांतलेच.

त्याच वर्षी स्वामीजी शाळा सोडून सत्याग्रहात उतरले. मात्र राज्य मुक्त झाल्यावर त्यांनी पुन्हा शिक्षणच हाती घेतलं. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. गंमत अशी, की नेमक्या त्याच सुमाराला उस्मानियाचं माध्यम उर्दूचं इंग्रजी झालं. म्हणजे कंधार-हदगावच्या पोरांपुढे नवी भिंत. विषय शिकवायचा आणि त्याबरोबर भाषाही, हे दुहेरी काम प्राध्यापकांच्या आणि त्याआधी हायस्कूलच्या मास्तरांच्या गळ्यात पडलं. त्यासाठी त्यांना कोण तयार करणार होतं?

प्रश्न जुना झालेला नाही. लातूर पॅटर्नचं कौतुक मीही करतो. पण दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली पोर अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक उघडते, तेव्हा तिची अडचण बहुधा रसायनशास्त्राची नसते, वाक्याची असते. ती ओळखायला विज्ञानाच्या शिक्षकालाही भाषा शिकवण्याचं थोडं तंत्र हवं. मुलांकडून शब्द आधी मराठीत वदवून घ्यायचा, मग इंग्रजीत लिहून घ्यायचा, चुकलं तर हसू द्यायचं नाही. बँकेत असताना कर्जाचा इंग्रजी अर्ज माझ्याकडून भरून घेणारे शिक्षक मी पाहिलेत. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्या मास्तरांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

स्वामीजी १९५२ ला गुलबर्ग्याहून आणि १९५७ ला औरंगाबादहून लोकसभेवर गेले. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं फारसं नाही. १९६७ मध्ये त्यांच्या आठवणी पुस्तकरूपानं आल्या, त्या इंग्रजीत. मराठी, तेलुगू आणि कानडी सहकाऱ्यांना एकत्र वाचता येईल अशी दुसरी भाषा त्यांच्यापुढे नसावी, असा माझा तर्क. २२ जानेवारी १९७२ रोजी ते गेले.