कन्हैयाचं नाटक लिहिणारे नवाब

रमजानमध्ये बिर्याणीच्या गप्पा निघाल्या की कोलकात्याच्या बिर्याणीतला बटाटा हमखास निघतो आणि त्यामागोमाग अवधचे शेवटचे बादशहा वाजिद अली शाह यांचं नाव. हद्दपारीत पैशांची चणचण होती म्हणून मटणाच्या जोडीला बटाटा आला, अशी ती गोष्ट. वर्षाला बारा लाख रुपये तनखा मिळणाऱ्या माणसाला मटण परवडेना, हे पटायला जरा जडच आहे. पण लोकांच्या लक्षात बटाटा राहिला आणि नाटक विसरलं गेलं.

वाजिद अली यांचा जन्म लखनौचा, १८२२ सालचा. लहानपणापासून शायरीचा नाद. ‘अख्तर’ या तखल्लुसनं ते गझल, मसनवी, मर्सिया लिहीत. ठुमरी रचताना तेच ‘अख्तरपिया’ होत. वली अहद म्हणजे युवराज असतानाच त्यांनी गाणं आणि नाच शिकवण्यासाठी परीखाना उभा केला. तिथल्या कलावतींना घेऊन १८४३ मध्ये त्यांनी आपला भाऊ सिकंदर हशमत याच्यासाठी एक खेळ बसवला, ‘राधा कन्हैया का किस्सा’. ब्रजभूमीतल्या रासलीलेवरून त्यांनी या प्रकाराला ‘रहस’ म्हटलं. राधा, गोपी आणि खुद्द कन्हैया, सगळ्या भूमिका स्त्रियांनी केल्या. उर्दू नाटकाचा इतिहास लिहिणारे बहुतेक अभ्यासक सुरुवात या खेळापासूनच करतात.

मराठी वाचकाला हे साल ओळखीचं वाटेल. त्याच १८४३ च्या नोव्हेंबरात सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं. सांगलीत आश्रय पटवर्धन राजांचा, सीतेच्या कामाला पुरुष. लखनौत लेखक मुसलमान युवराज, कृष्णाच्या कामाला बाई. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं काही कारण नव्हतं. तरी दोन्हीकडची नाटकं रामाच्या आणि कृष्णाच्या कथेतूनच उभी राहिली.

कृष्णाचं नाटक लिहिणारा हा माणूस दीनाच्या बाबतीत ढिला असेल, असा समज होणं सोपं आहे. अब्दुल हलीम शरर यांचं बालपण या बादशहाच्या सावलीत गेलं आणि पुढे त्यांनी जुन्या लखनौवर ग्रंथ लिहिला. त्यांनी नोंदवलेलं चित्र वेगळं आहे. बादशहांची नमाज चुकत नसे. रमजानचे तीसही रोजे ते ठेवत. दारू, अफू अशा कुठल्याही नशेला ते आयुष्यभर शिवले नाहीत. मोहरमचा शोक मनापासून पाळत. शरर त्यांची भलावण करत नाहीत, हेही सांगायला हवं. मुताच्या निकाहांची लांबलचक यादी, त्यातून सोडून दिलेल्या बायका, जनावरांवर आणि इमारतींवर उधळलेला पैसा, हे सगळं त्यांच्या लिखाणात आहे. हजरत महल यांनाही बादशहांनी तलाक दिला होता. शौकीन माणसाच्या शौकाची किंमत अनेकदा घरातल्या बायकांनी मोजली, हे या चरित्रातून पुसता येत नाही.

१८४७ मध्ये ते तख्तावर बसले. सुरुवातीला रोज सकाळी फौजेची कवायत घेत. पलटणींना त्यांनी बांका, तिरछा, घनघोर अशी नावं दिली होती. शायरच तो! कंपनीच्या रेसिडेंटला राजानं फौज घडवणं रुचलं नाही आणि कवायत मागं पडली. मग उरला रंगमंच. कैसरबागेत रहस होऊ लागले. श्रावणात जोगी मेळा भरे. भगवी वस्त्रं घालून येणाऱ्या कुणालाही आत प्रवेश असे आणि बादशहा स्वतः जोग्याच्या वेषात बसत. कथकच्या लखनौ घराण्याला याच दरबारात बहर आला. बिरजू महाराज त्याच घराण्यातले.

मग हाच नाद कंपनीनं आरोपपत्रात घातला. राजा नाचगाण्यात बुडाला, राज्याचा बोजवारा उडाला, असं अहवाल सांगू लागले. कारभारात दोष नव्हते असं नाही. पण याच घराण्यानं कंपनीला वेळोवेळी मोठमोठी कर्जं दिली होती आणि अवधची सुपीक जमीन कंपनीच्या डोळ्यांत होती. फेब्रुवारी १८५६ मध्ये रेसिडेंट आउट्रम यांनी तहाचा कागद पुढे केला. वाजिद अलींनी डोक्यावरची पगडी उतरवून त्यांच्या हाती दिली, पण सही केली नाही. राज्य गेलंच.

ते कोलकात्याला निघाले. तिथून आई मलिका किश्वर आणि भाऊ सिकंदर हशमत दाद मागायला लंडनला गेले. पण वर्षभरात इकडे १८५७ चा उठाव झाला आणि ती दाद तिथंच विरली. ज्या भावासाठी पहिला रहस बसवला होता तो १८५८ मध्ये लंडनला वारला. आई त्याच वर्षी पॅरिसमध्ये गेली आणि तिथंच तिची कबर झाली. लखनौत हजरत महल मुलाला तख्तावर बसवून इंग्रजांशी लढत होत्या. त्या वेळी बादशहा फोर्ट विल्यममध्ये कैदेत होते. लढाईत त्यांचा हात नव्हता, तरी दोनेक वर्षं त्यांना डांबून ठेवलं. त्या दुःखाची त्यांनी मसनवी केली, ‘हुज्न-ए-अख्तर’.

सुटल्यावर हुगळीकाठच्या मटियाबुर्जमध्ये त्यांनी दुसरं लखनौ वसवलं. तिथं पतंग उडू लागले, प्राणिसंग्रहालय झालं, इमामबाडा झाला. आणि राधा-कन्हैयाचा किस्सा सुधारून पुन्हा उभा केला. ‘बानी’ या ग्रंथात त्यांनी रहसाचे छत्तीस प्रकार लिहून ठेवले, कुणी कुठं उभं राहायचं, कसं वळायचं इथपर्यंत. राज्य नाही, फौज नाही, तरी तालमी चालूच. गाणारे-वाजवणारे लखनौहून तिकडे आले आणि बंगालला ठुमरीची गोडी लागली. माहेर सोडून निघालेल्या नवरीची जी ठुमरी त्यांच्या नावावर आहे, ती पुढे सैगल यांनी ‘स्ट्रीट सिंगर’ सिनेमात गायली आणि घरोघर पोचली.

सप्टेंबर १८८७ मध्ये, मोहरमच्या महिन्यात, वाजिद अली शाह यांचं मटियाबुर्जमध्ये निधन झालं. त्यांनीच बांधलेल्या सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. पुढे जनावरं विकली गेली, बंगले पाडले गेले. गवई आणि नर्तक पोटासाठी ज्याला जिथं आश्रय मिळाला तिकडे गेले.