नाईक यशवंत घाडगे यांचे स्मरण

युद्धांच्या इतिहासात सेनापतींची नावे ठळक अक्षरांत येतात. परंतु नकाशावर आखलेली चढाई प्रत्यक्ष रणभूमीवर उतरते ती नाईक आणि हवालदार यांच्या हातून. आठ-दहा जवानांना बरोबर घेऊन शत्रूच्या तोंडावर जाणे, हे नाईकाचे काम. ते किती टोकापर्यंत निभावता येते, याचा आदर्श पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी इटलीच्या भूमीवर घालून दिला.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. जून १९४४ मध्ये रोम दोस्तांच्या हाती आल्यावर जर्मन सैन्य डोंगर-डोंगर लढवीत उत्तरेकडे हटत होते. १० जुलै रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चढाई केली. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे यांच्या तुकडीतील प्रत्येक जवान ठार वा जखमी होऊन कोसळला. उभे राहिले ते एकटे नाईक.

मागे फिरले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पाठीशी कोणी उरलेले नाही, हे पुरते ठाऊक असूनही ते मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी ती तोफ आणि तिचा चालक निकामी केला. दुसऱ्यास टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलण्यास उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या तडाख्यांनी लोळविले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी त्यांच्या पत्नीच्या हाती दिला.

हा सन्मान परक्या सत्तेचा होता, हे खरे. 'चले जाव'ची घोषणा होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. म्हणूनच स्वातंत्र्यानंतर अशा वीरांविषयी बोलताना आपण काहीसे अवघडतो. परंतु सत्ता कोणाची, हे ठरविणे त्या नाईकाच्या हाती नव्हते. पडलेल्या सोबत्यांचे काम पुरे करणे मात्र होते, आणि ते त्यांनी केले. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. फॅसिस्ट व नाझी सत्तेच्या पाडावात त्यांचाही वाटा आहे.

घाडगे यांची कबर ज्ञात नाही. कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपल्याकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे. मात्र परदेशातील एका गावाला ज्याचे ऋण मान्य करावेसे वाटले, तो नाईक कोण होता, हे महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेतील मुलांना सांगता आले पाहिजे.