आकाशाचा पहारेकरी : फ्रेड व्हिपल

मित्रांनो, संध्याकाळी मेसकडे जाताना कधी वर बघितलंय? सूर्य मावळल्यावर तासाभरात एखादा ठिपका न लुकलुकता, शांतपणे ताऱ्यांमधून सरकत जातो. तो कृत्रिम उपग्रह. त्याला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण तो इतका उंच असतो की त्याच्यावर अजून ऊन असतं. आज हा टाइमपास वाटेल, पण १९५७ साली मोठमोठ्या शास्त्रज्ञांना याच 'बघण्याचा' आधार घ्यावा लागला. ज्या माणसाने तो आधार आधीच उभा करून ठेवला होता, त्याची ही गोष्ट. (माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, सांभाळून घ्या!)

फ्रेड व्हिपल यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९०६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. घरची शेती. टेनिसपटू व्हायचं स्वप्न होतं, पण लहानपणी झालेल्या पोलिओने ते संपवलं. मग गणित, आणि गणितातून खगोलशास्त्र. १९३० मध्ये प्लूटोचा शोध लागला तेव्हा बर्कलेमध्ये शिकत असतानाच त्यांनी त्याची कक्षा काढायला हात लावला. १९३१ मध्ये ते हार्वर्डला आले. तिथे फोटोच्या काचा तपासताना त्यांनी एकूण सहा धूमकेतू शोधले. धूमकेतूचं केंद्र म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा, ही त्यांनी १९५० मध्ये मांडलेली कल्पना. १९८६ मध्ये जिओत्तो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं आणि तिला बळकटी मिळाली.

पण मला ते आवडतात ते वेगळ्याच कारणाने. १९५५ मध्ये ते स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक झाले. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, म्हणजे १९५७-५८ मध्ये, उपग्रह सोडायचे ठरलं होतं. सोडला तर सोडला, पण तो नक्की कुठे आहे हे कळणार कसं? व्हिपल यांचा प्लॅन दोन टप्प्यांचा होता. अचूक मोजमापासाठी बेकर-नन नावाचे बारा प्रचंड कॅमेरे जगभर बसवायचे. (त्यातला एक पुढे आपल्या नैनितालला बसला.) पण कॅमेरा रोखायचा कुठे, हे आधी कुणीतरी ढोबळ का होईना, सांगायला हवं. त्यासाठी त्यांनी हौशी लोकांना बोलवायचं ठरवलं. शिक्षक, गृहिणी, शाळकरी पोरं, कोणीही. या उपक्रमाचं नाव 'मूनवॉच'. हौशी लोकांच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवणार, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटत होतं. व्हिपल मागे हटले नाहीत.

पद्धत एकदम साधी. पहाटे किंवा संध्याकाळी निरीक्षकांनी उत्तर-दक्षिण रांगेत बसायचं. प्रत्येकासमोर छोटी दुर्बीण. एकाच्या दुर्बिणीत दिसणारा आकाशाचा तुकडा शेजारच्याच्या तुकड्यावर थोडा चढलेला, म्हणजे मधे फट नाही. आकाशाला घातलेलं कुंपणच! उपग्रह कुंपण ओलांडताना ज्याला दिसेल त्याने लगेच इशारा द्यायचा. टेपरेकॉर्डरवर तो इशारा आणि रेडिओवरची प्रमाणवेळ एकत्र नोंदली जायची. वेळ आणि जागा मिळाली की पुढचं काम गणिताचं.

४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची धांदल उडाली. त्यांची रेडिओ केंद्रं १०८ मेगाहर्ट्झवर लावलेली, स्पुटनिक बोलत होता २० आणि ४० वर. बेकर-नन कॅमेरेही अजून कामाला लागले नव्हते. तयार होते ते फक्त मूनवॉचवाले! त्यांच्या नोंदी केंब्रिजला जमा व्हायला लागल्या. गंमत म्हणजे लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला तो बहुतेक वेळा स्पुटनिक नव्हेच, तर त्याच्यामागे फिरणारा मोठा रॉकेटचा भाग.

५ सप्टेंबर १९६२ ला स्पुटनिक-४ जळत खाली आला, तो मिलवॉकीच्या मूनवॉच गटाने पाहिला. त्याचा सुमारे ९ किलोचा तुकडा मॅनिटोवॉक गावच्या रस्त्यात सापडला. पोलिसांना आधी ते भंगार वाटलं होतं! १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हस्ते व्हिपल यांचा गौरव झाला. मूनवॉच १९७५ पर्यंत चाललं. व्हिपल ३० ऑगस्ट २००४ ला, ९७ व्या वर्षी गेले. यानाच्या पुढे पातळ पत्रा लावायचा, म्हणजे येणारा कण त्यावरच फुटून विखुरतो, ही त्यांची १९४० च्या दशकातली कल्पना आजही अवकाश स्थानकाचं रक्षण करते.

आपल्याला सिस्टिम डिझाइन पुस्तकातून शिकवतात. मला वाटतं, व्हिपल यांनी ते माणसांवर करून दाखवलं. हौशी माणसाकडून त्यांनी अचूकतेची अपेक्षाच ठेवली नाही. त्याला जमेल तेवढंच काम दिलं, पण ते काम असं होतं की त्याच्यावाचून सगळं अडलं असतं. आपल्याकडे मात्र 'तू अजून सेकंड इयरला आहेस' म्हणून किती जणांना प्रोजेक्टच्या जवळही येऊ देत नाहीत!

आजही जगभरात काही हौशी मंडळी दुर्बीण आणि स्टॉपवॉच घेऊन उपग्रहांच्या कक्षा काढतात. आपल्या हॉस्टेलला टेरेस आहे, स्टॉपवॉच प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. सबमिशन संपलं की या वर. दोन तारे हेरा, त्यांच्यामधून ठिपका गेला की वेळ लिहा. सुरुवात एवढीच असते.